तपासणीच्या दिवशीची साक्ष

आमच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही. होतं, पण ते आजोबांचं होतं आणि आजोबांसारखंच मनाला येईल तेव्हा ठोके द्यायचं. खरी वेळ कळायची ती बाहेरच्या आवाजांवरून. पहाटे साखर कारखान्याचा भोंगा झाला की आई उठून चूल पेटवायची. मग माळावरच्या धनगरांची मेंढरं आमच्या भिंतीमागून जायची, त्यांच्या घंटा ऐकू आल्या की मी अंथरुणातून बाहेर. आणि साडेदहाला दादा देवळाच्या चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा कांबीनं बडवायचे, की शाळा भरायची. दादा म्हणजे माझे वडील, त्या शाळेचे मुख्याध्यापक. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती लोकांचं देऊळ. चर्च वगैरे आता नातवंडं म्हणतात, आम्ही म्हणत नव्हतो. रविवारी तिथं उपासना, सोमवार ते शनिवार पहिली ते सातवी. वर्ग वेगळे करायला मधे आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. तिसरीतला पाढा चौथीत ऐकू यायचा आणि चौथीतली कविता तिसरीत, त्यामुळे एका वर्षात दोन इयत्तांचं शिक्षण फुकटात व्हायचं. ह्याला हल्ली काहीतरी भारी नाव आहे. मी स्वतः त्याच्यावरच्या शिबिराला तीन दिवस बसून, वही-पेन आणि दोन वेळचं जेवण घेऊन आलेली आहे.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, जिथं ऊस संपून माळ लागतो तिथं. गावात ख्रिस्ती घरं सोळाच. ती आधी मिशनच्या मोठ्या मंडळीत होती. मग भजनाला नुसती पेटी वाजवावी की जोडीला तबलाही असावा, यावरून तिथं भांडण पेटलं. परदेशी साहेब म्हणाला, तबला तमाशात वाजतो. आमचे आजोबा म्हणाले, पेटी काय आभाळातून पडली का? झालं. सोळा घरं तबला घेऊन बाहेर पडली, त्यांनी स्वतःचं देऊळ बांधलं आणि हट्टानं शाळाही काढली. त्यामुळे आमच्या शाळेला ना मिशनचा आधार ना झेडपीचा. भांडण खरं असो की खोटं, आजोबा मरेपर्यंत तबला मात्र कुणी धड वाजवायला शिकलं नाही.

घर देवळाला लागूनच, दोन खोल्यांचं. आई पहिली-दुसरीला शिकवायची आणि मधल्या सुट्टीत येऊन भाकऱ्या थापायची. हातावरचा खडू धुवायचा राहिला तर भाकरीवर पांढरी बोटं उमटायची. आम्ही तशीच खायचो, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. नाताळात करंज्या, एरवी रविवारी उपासनेनंतर कोंबडी, तीही कोंबडीला काही झालं असेल तरच. आईला दादांचा अभिमान होता आणि तेवढाच वैतागही होता. "खरं बोलून पोट भरत असतं ना," ती तवा आपटत म्हणायची, "तर तुझ्या दादांचं पोट सुटलं असतं." दादा हसायचे. काडीसारखा माणूस, सदऱ्याला तीनच गुंड्या, पण फळ्यावरचं अक्षर असं की गावचे म्हातारे अक्षर बघायला म्हणून दारात येऊन उभे राहायचे. ते अक्षर माझ्या हातात जसंच्या तसं उतरलं होतं. लहानपणी सगळे त्याचं कौतुक करायचे. पुढं काय होणार हे कुणाला ठाऊक होतं!

शाळेत एक गोष्ट अशी होती जी मी पुढं हजार शाळा हिंडले तरी कुठं पाहिली नाही. सकाळी प्रार्थना व्हायची, एक गीत व्हायचं, आणि मग दादा विचारायचे, "कुणाची साक्ष?" ज्यानं काल काही वावगं केलं असेल त्यानं उभं राहायचं, सगळ्यांदेखत सांगायचं, शेवटी "झालं माझं" म्हणायचं. मग सगळ्यांनी एका सुरात आमेन. विषय संपला. मार नाही, शिक्षा नाही, घरी निरोप नाही. मोठ्यांच्या उपासनेतली ही रीत दादांनी पोरांना लावली होती. "कबूल केलं की देवाच्या वहीतून खोडलं जातं," ते सांगायचे. मी एकदा विचारलं, "आणि नाही केलं तर?" ते म्हणाले, "तर माणूस ते अंगावर घेऊन हिंडतो. मरेपर्यंत." आमच्या शाळेत ख्रिस्ती पोरं थोडी, मराठ्यांची आणि धनगरांची जास्त. पण साक्षीचं वेड सगळ्यांना सारखंच. उद्या उठून सांगायला काहीतरी हवं म्हणून पोरं मुद्दाम पाटलाचे पेरू चोरायची. पाटील तक्रार घेऊन आले की दादा तारीखवार नावं सांगायचे.

ह्या साक्षीत सगळ्यात पटाईत होती हौसा. माळावरच्या बिरूमामाची पोरगी, माझ्याच वर्गात, सहावीत. तिचे लोक आटपाडीकडून मेंढरं घेऊन आलेले आणि माळावरच राहिलेले. "काल आमच्या मेंढरांनी मुल्लाचा शाळू खाल्ला. मी बगितलं आन गप बसले. झालं माझं." असं तोफेसारखं सांगून ती खाली बसायची आणि फळ्यावरचं गणित आमच्या आधी सोडवून मोकळी व्हायची. लांब केसांची, पायात वहाण नाही, अंगाला मेंढराचा वास. माझ्या उभ्या जन्मातली पहिली मैत्रीण आणि खरं सांगायचं तर शेवटचीही. बिरूमामानं दादांना स्वच्छ सांगितलं होतं, "गुरुजी, साळा हितं हाय, मेंढरांच्या घंटा ऐकू येत्यात, तवर शिकू दे. साळा मोडली की पोरगी मेंढरामागं. लांबच्या साळंला काय मी धाडणार न्हाई. जतकडं तिच्या मामाचं पोरगंबी तयार हाय." तेव्हा हौसा बारा वर्षांची होती.

त्याच वर्षी सांगलीहून पाकीट आलं. शाळेची मान्यता कायम ठेवायची की काढून घ्यायची हे ठरवायला साहेब तपासणीला येणार होते. सोबत यादी होती. पटावर किमान चाळीस मुलं हवीत. पृथ्वीगोल, भारताचा नकाशा, दोनशे पुस्तकांचं ग्रंथालय, मुलींना वेगळी मुतारी. दादांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मुलं सव्वीस आहेत. बाकीचं काहीच नाही. तसं कळवू." आईनं कपाळावर हात मारला.

हे ऐकून शांतवनकाका उभे राहिले. शांतवनकाका म्हणजे मंडळीचे पंच, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले, छातीवर दोन बिल्ले आणि मिशीला तूप. मोठ्यांच्या उपासनेत दर रविवारी त्यांची एकच साक्ष असायची: गोळ्या सूं सूं करत असताना आपण जखमी साथीदाराला पाठीवर घालून कसं आणलं. साक्ष स्वतःच्या पापाची द्यायची असते हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. "गुरुजी, तुमी फकस्त शिकवा," काका म्हणाले. "इन्स्पेक्सनचा बंदोबस्त माझ्याकडं. फौजेत जनरल यायचा तवा आमी गवताला हिरवा रंग दिलाय. हे तर काहीच न्हाई." दादा म्हणाले, "शांतवनराव, मी खोटं बोलणार नाही." काका म्हणाले, "तुमाला बोला म्हणतंय कोण? तुमी डोळं मिटून प्रार्थना करा." आता सांगायला हरकत नाही, दादांनी पुढचे चार दिवस खरोखरच डोळे मिटून घेतले. हा त्यांचा दोष. साधी माणसं आपलं साधेपण कधी कधी फार सोयीनं वापरतात.

मग जो काही कामाचा धडाका लागला म्हणता! मुतारीला दोन बांबू आणि खताची पोती लागली, अर्ध्या तासात उभी. वर काकांनी स्वतःच्या हातानं 'स्त्रिया' असं लिहिलं. वारा आला की स्त्रिया फडफडायच्या. पृथ्वीगोल शेजारच्या गावच्या हायस्कुलातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आला, आफ्रिकेला वाटेत पोचा पडला. नकाशा आणला तो भिंतीवरच्या क्रुसाच्याच खिळ्याला टांगला. "साहेब कुठल्या इचाराचा आसंल काय म्हाईत," काका म्हणाले, "एक दिवस येशू भारतामागं ऱ्हाईल." राहता राहिली दोनशे पुस्तकं. सोळा घरांतली सगळी बायबलं आणि गीतांची पुस्तकं गोळा झाली, सातवीच्या मुलींनी त्यांना खाकी कागद घातले आणि वर 'भूगोल', 'आरोग्य', 'शेतीची माहिती' असं लिहून ती फळीवर लावली. ग्रंथालय असं दिसत होतं की मलाच वाचायची इच्छा झाली.

चौदा मुलं कमी होती. ती काकांनी वीटभट्टीवरून आणि पाहुण्यारावळ्यांतून जमवली. शनिवारी सकाळी त्यांना चिंचेखाली ओळीत उभं करून कवायत घेतली. भट्टीवरच्या तानाजीला पौलस केलं, एका पाहुण्याच्या पोरीला दीना केलं. ही नावं काकांनी मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उचलली होती. त्यातले काही पुण्याला गेलेले, एक खरोखरच देवाघरी गेलेला. "नाव काय?" काका ओरडायचे. "पौलस!" तानाजी ओरडायचा. "आन नीट बोललास तर?" "भजी!"

त्याच दिवशी दुपारी, शनिवारची अर्धी शाळा सुटून दादा झोपले असताना, काका आमच्या मागच्या दारी आले. त्यांच्या कोटाखाली हजेरीची वही होती. "इस्तू," ते म्हणाले. माझं नाव एस्तेर, पण ते पूर्ण घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती. "तुजं अक्षार गुरुजींवानी हाय. ही चौदा नावं खालती लिही आन जूनपास्नं हजर लाव. मधी मधी चार-दोन गैरहजर टाक, न्हाईतर साहेबाला संशय यील." मी म्हणाले, दादांना कळलं तर? काका खाली वाकले. तंबाखूचा वास आला. "आन साळा बंद झाली तर हौसी जतला जाईल, ते तुला कळतंय का?"

मला कळत होतं. मी वही घेतली, भिंतीआड बसले आणि लिहायला लागले. कुणी तरी जबरदस्ती केली असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण तसं नव्हतं. मी लिहीत होते आणि मला ते आवडत होतं. दादांच्या अक्षरात चौदा पोरं मी जन्माला घातली. पौलसला श्रावणात ताप आणला, दीनाला बेंदराच्या सणाला दोन दिवस मामाकडं पाठवलं. इतकं मन लावून मी कधी अभ्यास केला नव्हता. निळी शाई बोटांना लागली ती घासली, पण नखांत राहिली. मान वर केली तर समोर हौसा. मेंढरू शोधत आली होती. तिनं वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुज्यासाठीच लिवतेय," मी म्हणाले. ती मेंढरू घेऊन निघून गेली.

सोमवारी साहेब अकराच्या एसटीनं येणार होते. त्यांच्या जेवणाचा वेगळाच प्रश्न होता. साहेब वरच्या जातीचे, ख्रिस्ती घरी जेवतात की नाही माहीत नाही. असा पेच दर तपासणीला पडायचा आणि त्याचं ठरलेलं उत्तर होतं: केळी. केळ्याला साल असते, सालीच्या आतपर्यंत आमचा धर्म पोचत नाही, असं सगळ्या साहेबांचं मत होतं. तरी आईनं हट्टानं कोंबडीचा रस्सा केला. "केळी त्यांना, रस्सा आपल्याला," ती म्हणाली. "शाळा गेली तर निदान पोट भरून रडू."

काकांनी प्रार्थना दहालाच उरकून घ्यायची ठरवली होती. पण साहेबांना कारखान्याची जीप भेटली आणि ते पावणेदहालाच दारात उभे. बुटका, गंभीर माणूस, बगलेत फाईल, छत्री काखोटीला. काका पुढं धावले, कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "पोरांची प्रार्थना झाली, सायेब. आता थेट वर्गच बगा." मागून दादांचा आवाज आला, "नाही, अजून व्हायची आहे." साहेब म्हणाले, "मग होऊ द्या की. रोज करता तशीच करा. मी मागं बसतो."

आता हे आठवताना ह्या जागी मी दर वेळी थांबते. चार दिवस काकांनी मुतारीपासून पृथ्वीपर्यंत सगळ्याचा विचार केला होता. साक्षीचा विचार कुणीच केला नव्हता. कसा करणार? श्वास घ्यायचा की नाही याचा कुणी आदल्या दिवशी विचार करतं का? प्रार्थना झाली, गीत झालं, दादांनी डोळे उघडले आणि रोजच्यासारखं विचारलं, "कुणाची साक्ष?"

चौथीतला बाळू ताडकन उठला. "काल मी ह्या पोराला आपलं नाव पौलस हाय म्हणून पाठ करून घेतलं. त्याचं नाव तान्या हाय. त्यो भट्टीवरचा हाय. झालं माझं." चाळीस गळ्यांतून आमेन निघालं. काकांचा एक हात सलामाला गेला तो तसाच कपाळावर राहिला. सातवीची सुमन उठली. "मी बायबलांना कागद घालून वर शेतीची माहिती आसं लिवलं. साठ बायबलांना. झालं माझं." आमेन. मग पृथ्वीगोल आणणारा पोरगा: "हायस्कुलात कुणी न्हवतं म्हणून मी पृथ्वी न इचारताच आणली. झालं माझं." ह्या वेळी आमेन म्हणताना साहेबांचेही ओठ हलले, मी स्वतः पाहिलं. एवढं झाल्यावर उसन्या पोरांनाही वाटलं की ही इथली रीत दिसते, आपण मागं राहायला नको. तानाजी उठला. "मला भजी देतो म्हणले हुते. आजून दिली न्हाईत. झालं माझं." त्यात पाप कुणाचं होतं हे आजही सांगता येणार नाही, पण सगळ्यात मोठं आमेन त्याला मिळालं.

मग हौसा उठली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मला एक गोष्ट ठावं हाय. पर ती माजी न्हाई. ज्याची हाय त्यानं सांगावी. झालं माझं." आमेन म्हणायचं की नाही ते कुणाला कळेना. दादांनी पुन्हा विचारलं, "आणखी कुणाची साक्ष?" मी नखांतली शाई खरवडत राहिले. कोपऱ्यात काका पृथ्वीगोलावरचा पोचा तपासत उभे होते. दादांनी तिसऱ्यांदा विचारलं. कुणी उठलं नाही.

साहेब पुढं आले आणि त्यांनी हजेरीची वही उघडली. पानं उलटली. "ही चौदा नावं," ते म्हणाले, "जूनपासून हजर आहेत. ह्या पौलसला तर श्रावणात तापसुद्धा आलाय. कुणी लिहिलं हे?" दादांनी वही घेतली. आपलंच अक्षर पाहिलं, जे त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्या हातांकडं पाहिलं. मी हात मागं घेतले, तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं. काकांनी तोंड उघडलं होतं, पण त्यातून शब्द निघायच्या आत दादा म्हणाले, "मी लिहिलं."

"तुम्ही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आत्ता पोरांबरोबर उठून सांगितलं का नाही?"

दादांनी वही मिटली. मग म्हणाले, "धीर झाला नाही."

काकांनी तोंड मिटलं. गोळ्यांच्या पावसातून साथीदाराला पाठीवर घालून आणणारा तो माणूस, समोर आमच्या दादांना पडताना बघत राहिला आणि जागचा हलला नाही. पण काकांना नावं ठेवायला मी कोण? मी तर त्यांच्याहून जवळ होते.

आई ताटात केळी घेऊन आली. साहेब केळ्यांकडं बघत म्हणाले, "वहिनी, रश्श्याचा वास सुटलाय." आणि खरंच सांगते, तो माणूस आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून दोन भाकऱ्या आणि वाटीभर रस्सा जेवला, हाडं चोखून. आईला इतका आनंद झाला की तेवढा वेळ ती शाळा विसरली. हात धुऊन साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि उंबऱ्यात बसूनच लिहिलं. मी तो शेरा पुढं इतक्यांदा वाचला की पाठ आहे. मुले सत्यवादी आहेत, मुख्याध्यापक नाहीत. शाळेची मान्यता चालू ठेवावी, पट व साहित्य वाढवण्यास एक वर्षाची मुदत द्यावी, मुख्याध्यापक बदलावा. माझ्या वडिलांवर एवढा खोटा शेरा आणि तोही इतक्या प्रामाणिक माणसानं लिहिलेला!

मुख्याध्यापक झाले काकांचे जावई. डी.एड. झालेले, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आल्या आल्या साक्ष बंद केली. वेळ जातो म्हणाले. तिच्याऐवजी फळ्यावर रोज एक सुविचार लिहायचा. पहिल्या दिवशीचा सुविचार होता 'नेहमी खरे बोलावे'. ती चौदा नावं पटावर तशीच राहिली. एकदा जन्माला घातलेली पोरं मारणार कोण? पौलस पुढं सातवीत पहिल्या वर्गात पास झाला. मला मात्र दुसरा वर्ग मिळाला. त्यानंतरच्या एकूण एक तपासणीत शाळेला 'उत्तम' शेरा मिळत गेला. दादा पहिलीला शिकवू लागले. रुळाचा तुकडा तेच बडवायचे. मोठ्यांच्या उपासनेत पूर्वी ते दर रविवारी उठून कसल्या कसल्या बारीक साक्षी द्यायचे, आईवर आवाज चढवला, फुकटचा पेपर वाचला. त्या सोमवारनंतर ते कधीही उठले नाहीत. लोक म्हणायचे, गुरुजींचं पद गेलं म्हणून रुसले.

हौसा शिकली. बिरूमामानं शब्द पाळला, घंटा ऐकू येत होत्या तोवर आणि नंतरही. ती मास्तरीण झाली, कोयनानगरला वर्षानुवर्षं शिकवलं, तिथल्या भूकंपांना शिव्या देत निवृत्त झाली. मी खात्यात लागले आणि विस्तार अधिकारी झाले. व्हय, तपासणीचीच नोकरी! आयुष्यभर शाळाशाळांतून केळी खाल्ली, पटावरची पोरं मोजली. वहीतलं खोटं अक्षर मला दारातूनच वास यावा तसं कळायचं. चांगला शेरा लिहायचे आणि निघायचे. मुलांच्या बोटांकडं मात्र कधी बघितलं नाही.

दादा गेले ते मिरजेला, दवाखान्यात. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "इस्तू, माझी एक साक्ष द्यायची राहिलीय," ते म्हणाले. "मंडळीच्या पाळकांना बोलाव. मी एकदा खोटं बोललोय." पाळक आले असते तर त्यांनी विचारलं असतं, काय खोटं? आणि दादांना सांगावं लागलं असतं, ती वही मी लिहिली नव्हती. माझी बढती तेव्हा टेबलावर होती. मी म्हणाले, "उद्या बोलावते, दादा." त्यांनी माझा हात घेतला, बोटं उलटून बघितली, जशी लहानपणी शाळेत नखं बघायचे. "राहू दे," ते म्हणाले. "तुला त्रास होईल." उद्या उजाडलाच नाही. ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की न सांगितलेलं अंगावर घेऊन हिंडावं लागतं, तो माझं अंगावर घेऊन गेला. मला ह्याची लाज वाटते. एवढंच सांगते, लाज वाटते.

गेल्या महिन्यात शाळेला गुणवत्तेचा कसलासा दाखला मिळाला. आता ती तीन मजली आहे, खरा पृथ्वीगोल आहे, मुतारीला फरशी आहे. माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त अधिकारी म्हणून मला प्रमुख पाहुणी केलं. सूत्रसंचालक म्हणाला, "मॅडम म्हणजे ह्या शाळेच्या सत्यनिष्ठ परंपरेचं फळ." मी वीस मिनिटं गुणवत्तेवर बोलले. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत हौसा होती, कोयनेवरून मुद्दाम आलेली, डोईवर पदर, पायात आता चांगल्या चपला. तिनं टाळी वाजवली नाही. जाताना माझ्या हातात भडंगाची पुडी दिली आणि म्हणाली, "इस्ते, कवा सांगायचीस गं?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी 'काय?' म्हणून विचारलंसुद्धा नाही.

घरी आले, भडंग तसंच ठेवलं आणि हे लिहायला बसले. विचारायला दादा नाहीत, आमेन म्हणायला ती पोरं नाहीत. तरी खुर्ची मागं सारून उठून उभी राहिले आहे, ही शेवटची ओळ उभ्यानंच लिहिते आहे. मी एस्तेर. त्या शनिवारी दुपारी चौदा नावांपुढं जूनपासूनची हजेरी मी लिहिली, माझ्या वडिलांनी नाही. झालं माझं.